आईचा चहा तोडू नका, चहाची वेळ हलवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ५४. हिमोग्लोबिन ९.२. थायरॉइडची गोळी चार वर्षांपासून चालू, तरी टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) जाग्यावर येत नाही आणि डोस वाढतोच आहे. दिवसाला सहा वेळा चहा, दर वेळी दोन चमचे साखर. चहा बंद करायला सांगितल्यावर त्या दोन दिवस डोकं धरून पडून राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आता या वयात माझं एवढं एक सुख काढून घेऊ नका." तुम्ही स्वतः पुण्यात नोकरीला, दिवसाला चार-पाच मग कॉफी, रात्री दोनपर्यंत झोप नाही. चहा-कॉफी खरंच इतकी वाईट आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी तालुक्याच्या गावी २६ वर्षं फिजिशियन म्हणून काम करते. आईंचं ते वाक्य आठवड्यातून एकदा तरी माझ्या समोरच्या खुर्चीतून ऐकू येतं, आणि मला ते पटतं. घर जागं व्हायच्या आत ओट्यापाशी उभ्या उभ्या घेतलेला पहिला कप म्हणजे कितीतरी बायकांच्या दिवसातली फक्त स्वतःची अशी दहा मिनिटं असतात. दुपारी चारला शेजारीण येते, आलं ठेचलं जातं, सुनेचं, मुलीचं, गुडघ्याचं बोलणं होतं. हे सगळं औषधाच्या चिठ्ठीवर एक रेघ ओढून काढून टाकण्यासारखं नाही. त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे: आईंचा चहा बंद करू नका. पण आज ज्या वेळांना आणि ज्या पद्धतीनं तो घेतला जातोय, ते बदलावं लागेल.

त्याआधी एक महत्त्वाचं. ९.२ हिमोग्लोबिनचा सगळा दोष चहावर टाकून मोकळं होऊ नका. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. आईंची पाळी अजून चालू असेल तर रक्तस्राव जास्त होतो का, किती दिवस चालतो, हे विचारा. पाळी जाण्याच्या सुमाराला तो वाढतो आणि बायका "आता जायचीच आहे" म्हणून अंगावर काढतात. पाळी गेलेली असेल तर मग रक्त जातंय कुठे, हा प्रश्न आणखी गंभीर होतो. मूळव्याध, जठरातला व्रण, गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, क्वचित मोठ्या आतड्यातली गाठ. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो) आणि बी-१२ तपासून घ्या, शौचातून न दिसणारं रक्त जातं का ती तपासणी करा, आणि डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सुचवतील तर टाळू नका. एका बाईंना वर्षभर सगळ्यांनी "चहा कमी करा, पालेभाजी खा" एवढंच सांगितलं होतं. पहिले दोन महिने मीही तेच सांगितलं. त्यांच्या आतड्यात गाठ होती. वेळेवर शस्त्रक्रिया झाली, त्या आज ठीक आहेत, पण ते दोन महिने मी विसरलेले नाही. म्हणून हे आधी लिहिलं.

आता चहाचा वाटा. तो खरा आहे आणि आपल्याकडे मोठा आहे. ज्वारीची भाकरी, डाळ, मेथी, पोहे यांतलं लोह मांसाहारातल्या लोहापेक्षा मुळातच कमी शोषलं जातं. चहातली तुरट द्रव्यं, ज्यांना आपण सरसकट टॅनिन म्हणतो, आतड्यात या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात न जाता शरीराबाहेर पडतं. जेवणासोबत चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त घटतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. कॉफीनंही घटतं, चहाइतकं नाही. दूध घातलं म्हणून यातून फारशी सुटका होत नाही.

आणि आपला नाश्ता काय असतो? चहा-चपाती, चहा-पोहे, चहा-बटर, चहा-खारी. पोह्यांचंच बघा. आपण वर लिंबू पिळतो, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं; पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही फार चांगली सवय आहे. पण त्याच बशीशेजारी वाफाळता चहा येतो आणि लिंबानं मिळवलेलं बरंचसं घालवून बसतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. याचं एकटं कारण चहा नाही. पुरेसं न खाणं, मागून जेवणं, बाळंतपणं, जंत ही सगळी आहेत. पण जिच्या ताटात लोह आधीच कमी आहे, तिला चहाची वेळ चुकणं परवडत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका पहाटे कोरा चहा आणि शिळी भाकरी एकत्रच खातात, त्यावर दुपारपर्यंत राबतात. हवेशीर दालनात बसून त्यांना "चहा सोडा" म्हणण्यात काही अर्थ नाही. भाकरी आधी, चहा नंतर, मध्ये जमेल तेवढी फट, एवढं मी सांगते, आणि तेवढं त्यांना जमतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळा, असंच म्हटलं आहे. कॅफीनची मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. १५० मिलिलिटरच्या एका कपात चहात ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, असा हिशोब तिथे दिलेला आहे. म्हणजे आईंचे सहा कप मर्यादेच्या काठावर आहेत. चार कप आरामात बसतात.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली ती थायरॉइडची गोळी. डोस वाढतोय आणि टीएसएच हलत नाही, असं असलं की मी आधी एकच विचारते: गोळी कशासोबत घेता? उत्तर बहुतेक वेळा येतं, "सकाळच्या चहासोबत." कॉफी, चहा, दूध, लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, या सगळ्यांमुळे ती गोळी नीट शोषली जात नाही. ती फक्त साध्या पाण्यासोबत, उपाशीपोटी घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर एक तास, काही नाही. ज्यांना सकाळचा पहिला चहा तासभर लांबवणं जिवावर येतं, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे: रात्रीचं जेवण होऊन तीन तास झाल्यावर, झोपताना गोळी. तीही चांगली लागू पडते. पण एकच वेळ ठरवा आणि तुमच्या डॉक्टरांना सांगून बदला.

आईंचा दिवस मी असा लावला असता. साडेपाचला उठल्यावर पाणी आणि थायरॉइडची गोळी. साडेसहाला पहिला चहा, निवांत, बशीत ओतून. आठला नाश्ता, लिंबू पिळून, चहाशिवाय. साडेनऊला दुसरा चहा. बाराच्या सुमाराला लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत. थायरॉइडच्या गोळीपासून ती निदान चार तास लांब हवी, तशी ती राहते. एकला जेवण. चारला तिसरा चहा, शेजारणीसोबत. चौथा हवाच असेल तर सहाच्या आत, रात्रीच्या जेवणाला तास-दोन तास ठेवून. तुमच्या घराच्या घड्याळाप्रमाणे वेळा सरकवा, मधलं अंतर तेवढं सांभाळा.

सहाचे चार एकदम करू नका. पहिल्या वेळी डोकं धरून पडायची वेळ आली ती नाटकं नव्हती. दिवसभर मेंदू काम करतो तसं त्यात अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि ते ठरलेल्या जागी जाऊन बसलं की सुस्ती येते. कॅफीन त्याच जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, जाणवायचा राहतो. रोजच जागा अडलेल्या असल्या की मेंदू नव्या जागा तयार करतो, आणि मग एके दिवशी कॅफीन आलंच नाही की या सगळ्या जागांवर अ‍ॅडिनोसिन बसतं, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं ठणकतं. हे बहुधा १२ ते २४ तासांत सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवडाभर रेंगाळू शकतं. म्हणून दर आठवड्याला अर्धा-एक कप कमी करा. आधी जेवणाला चिकटलेले कप हलवा, आवडीचे शेवटी.

साखरेबद्दल मी जास्त कडक आहे. सहा कप, दोन-दोन चमचे, म्हणजे बारा चमचे. घरचा चमचा शिगोशीग भरतो, म्हणजे पाच ग्रॅम धरा: दिवसाला ६० ग्रॅम साखर फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरातली वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मधुमेहींच्या बाबतीत औषध वाढवण्याआधी चहाचा हिशोब मांडला आणि तेवढ्यानंच साखर खाली आली. गुळाचा चहा घेतला म्हणून यातून सूट नाही. शरीराच्या दृष्टीनं गूळ बहुतांशी साखरच आहे आणि त्यातलं थोडंसं लोह चहातच अडकतं. चव आवडते म्हणून गुळाचा घ्या, पण तितकाच मोजून. आणि गूळ गॅस बंद केल्यावर घाला म्हणजे दूध फाटत नाही. साखर कमी करताना दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करा. जीभ इतक्या हळू बदलाला तक्रार करत नाही. दोन-तीन महिन्यांत अर्ध्या चमच्यावर आलेल्या बायकांना नंतर लग्नघरातला चहा पाकासारखा लागतो.

चहा करण्याबद्दल इथे थोडं जास्त लिहिते, कारण चव चांगली असली की कमी कप पुरतात. आपण वापरतो ती दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी चहा. ही पद्धत १९३० च्या सुमाराला आसामात निघाली. पानं दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, गोळी करून वाळवतात. त्यामुळे रंग आणि कडकपणा फार पटकन उतरतो. अशा पावडरीला दहा मिनिटं खळाखळा उकळायची काहीच गरज नसते. उकळत राहिलं की तुरटपणा वाढतो, आणि तो लपवायला आणखी दूध, आणखी साखर. मी असा करते: पाण्यात ठेचलेलं आलं आणि गवती चहाची दोन पाती घालून आधण येऊ द्यायचं. पातीचा वास घरभर गेला की पावडर. दीड-दोन मिनिटं. मग वेगळं तापवलेलं दूध, एक उकळी, गॅस बंद, वर ताटली. दोन मिनिटांनी वेलदोडा चिमटीनं चुरून घालायचा आणि गाळायचं. जुन्या चोथ्यात नवी पावडर टाकून पुन्हा उकळणं मात्र सोडा. पुण्यात अमृततुल्यच्या दुकानात पितळी पातेल्यासमोर उभं राहून बघा: आलं-वेलची तिथल्या तिथे कुटली जाते आणि फडक्यातून गाळलेला चहा लगेच हातात येतो. त्या अर्ध्या कपात जे समाधान आहे ते तासभर उकळत ठेवलेल्या मोठ्या कपात नाही.

बशी परत आणा, असंही मी सगळ्यांना सांगते. आमचे आजोबा कपातून बशीत ओतून, फुंकर घालून, फुरके मारत प्यायचे आणि आम्हाला त्याची लाज वाटायची. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात असं वर्गीकरण केलं. दोष चहाचा नाही, चटक्याचा आहे. बशीत ओतलेला चहा मिनिटभरात त्याच्या खाली येतो. त्याच वर्षी त्या संस्थेनं कॉफीला मात्र संशयितांच्या यादीतून बाहेर काढलं.

टपरीवरचा चहा प्या, पण जमलं तर काचेच्या ग्लासातून. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांना अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण सापडले. पातळ पिशवीत बांधून नेलेला गरम चहा तर घेऊच नये. आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांत, जिथे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे एक लक्षात ठेवा: चहाच्या पानातही फ्लोराइड असतं. तिथे कडक चहा दिवसभर घेणं दात आणि हाडांना जड जातं. लहान मुलांना तर चहा-चपातीवर वाढवू नकाच. वजनाच्या मानानं त्यांना लोह मोठ्यांपेक्षा जास्त लागतं.

आता तुमची कॉफी. ती वाईट नाही. रोज माफक कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे आजार आणि टाइप-२ मधुमेह कमी दिसतात, हे बऱ्याच देशांतल्या पाहण्यांत पुन्हापुन्हा आलं आहे. चहाचंही तसंच: ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख लोकांच्या २०२२ सालच्या अभ्यासात दिवसाला दोन किंवा अधिक कप काळा चहा घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ९ ते १३ टक्क्यांनी कमी होतं. या पाहण्या सांगड दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. पण भीती घालण्यासारखं त्यात काही नाही, एवढं नक्की.

तुमचा प्रश्न घड्याळाचा आहे. ऑफिसातल्या मोठ्या मगमध्ये दोन चमचे पावडर गेली की कॅफीन शंभर मिलिग्रॅमच्या पुढे जातं. असे पाच मग म्हणजे मर्यादेच्या खूप वर. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला १२० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री दहाला ६० उरतं आणि पहाटे तीनलाही ३०, म्हणजे जवळजवळ एक कप चहा. झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं तरी झोप तासाहून जास्त कमी झाली, असं एका प्रयोगात दिसलं होतं, आणि गंमत नाही ही, त्या लोकांना स्वतःला तेवढी घट झाल्याचं कळतही नव्हतं. सगळ्यांचं यकृत सारख्या वेगानं काम करत नाही. काही जण रात्री जेवणानंतर कॉफी घेऊन शांत झोपतात, त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नका. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना कॅफीन खूप जास्त वेळ टिकतं. गरोदर बाईनं दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं.

पहिला आठवडा फक्त एवढं करा: दुपारी एकनंतर कॉफी नाही. सकाळी दोन मग, तेही पोटात काही गेल्यावर. रिकाम्या पोटी छाती जळत असेल तर ते आम्ल कॉफीनं वाढवलेलं असू शकतं. चार वाजता तलफ आली तर गवती चहा, पावडरीशिवाय. हात आणि ओठ कामाला लागले की अर्धी तलफ जाते. बाकीची अर्धी न झालेल्या झोपेची असते, ती दहा दिवसांत ओसरेल. डब्यावरचं लेबलही वाचा. कॉफीत ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड) चालते आणि चिकोरीत कॅफीन नसतं, त्यामुळे तशी मिश्र पावडर तुमच्यासाठी उलट बरीच आहे. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर कागदी फिल्टरमधून गाळलेली किंवा इन्स्टंट कॉफी बरी. धातूच्या फिल्टरमधून कोलेस्टेरॉल वाढवणारी तेलकट द्रव्यं थोडी खाली उतरतात. आणि ब्लडप्रेशर मोजायच्या आधी अर्धा तास चहाही नको, कॉफीही नको.

शेवटी आईंच्या तपासण्यांचं. थायरॉइडची गोळी आजवर चहासोबत जात असेल, तर उद्यापासून पाण्यासोबत घेतली जाऊ लागली की ती आता नीट शोषली जाईल, आणि वाढवत नेलेला डोस त्यांना जास्त होऊ शकतो. धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं, घाम, यांपैकी काही दिसलं तर थांबू नका. काही दिसलं नाही तरी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा आणि डॉक्टरांना सांगा की आधी गोळी चहासोबत जात होती. नाहीतर जुन्या आकड्यांवर नवा डोस ठरेल. हिमोग्लोबिन महिन्याभरात निदान एक ग्रॅमनं वर यायला हवं. आलं तर लोहाच्या गोळ्या आकडा १२ वर गेल्यावरही तीन महिने चालू ठेवा, शरीरातला साठा भरायला तेवढा वेळ लागतो. आलं नाही, तर चहाकडे न बघता वर लिहिलेल्या तपासण्यांसाठी त्याच आठवड्यात जा.